एकही रकाना मोकळा नको

"पोरीचा दाखला द्या बाई. आज नेतोच तिला घरी."

येसाजी संगणकाच्या खोलीच्या उंबऱ्यात उभा होता. चपला बाहेर, टोपी हातात. डोंगरावरच्या कुडपणाहून पोलादपूरच्या शाळेत उतरायचं म्हणजे दिवस मोडतो, आणि तोही ऐन नाचणीच्या कापणीत. हेडसरांनी त्याला सरळ संगणक शिकवणाऱ्या नूतनबाईंकडे धाडलं होतं. "तुमच्या त्या इंटरनेटचं लफडं दिसतंय. तुम्हीच निस्तरा."

लफडं असं, की येसाजीच्या वाडीत फोन एकच, सदूच्या दुकानातला. आठ दिवसांत त्यावर सहा परक्या पुरुषांनी गौतमीची चौकशी केली होती. सदू पडला हौशी. दर वेळी बाहेर येऊन त्याने हाळी दिली, "येसाजी, तुझ्या पोरीला विचारतंय रं कुनी बाप्या!" झालं. वाडीला चघळायला दुसरा विषय उरला नाही.

नववीतली गौतमी भिंतीला चिकटून उभी होती. ती इथल्या मुलींच्या वसतिगृहात राहायची, त्यामुळे हे सगळं ती आत्ताच ऐकत होती.

"देवाशप्पथ बाबा, मी कुनाला नंबर नाय दिला."

"मग काय वाऱ्यानं नेला?"

नूतनबाईंनी संगणक चालू केला. दोन आठवड्यांपूर्वी त्यांनीच वर्गातल्या सगळ्या मुलींना एका मैत्री जोडायच्या साइटवर आपापलं पान उघडून दिलं होतं. तेवढाच टायपिंगचा सराव. फोटोही त्यांनीच काढले, स्वतःच्या नव्या कॅमेऱ्यावर. केवढं कौतुक वाटलं होतं तेव्हा!

पान उघडलं. नाव. वडिलांचं नाव. जन्मतारीख. इयत्ता नववी, तुकडी ब. शाळा, वसतिगृह, गाव. फोन: सदूच्या दुकानाचा. एकही रकाना मोकळा नव्हता.

"एकही रकाना मोकळा सोडायचा नाही," हे त्यांचंच वाक्य. शिष्यवृत्तीचा अर्ज असो की उत्पन्नाच्या दाखल्याचा, एक जागा कोरी राहिली की तालुक्याच्या खिडकीतून कागद परत येतो. मग पोरीच्या बापाची पुन्हा डोंगरावरून खाली खेप. म्हणून वर्षभर त्यांनी ते पोरींकडून घोकून घेतलं होतं. गौतमी तर वर्गात सगळ्यांत नेटकी.

खाली निरोप होते. कुणी मुंबईचा माणूस लिहीत होता आणि गौतमी पत्र लिहावं तशी उत्तरं देत होती. "आपण कसे आहात? मी बरी आहे." कुणी विचारलं तर उत्तर द्यावं, एवढंच तिला घरी शिकवलेलं. शाळा कधी सुटते? पाच वाजता. न्यायला कोण येतं? "कोणी येत नाही. मी एकटीच जाते."

बाईंनी ते दोनदा वाचलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्या आपणच दिल्या, आणि एकट्या गौतमीच्या नाही. वर्गात एकतीस मुली होत्या.

त्यांनी वळून गौतमीकडे पाहिलं. ती आता म्हणेल, "तुम्हीच सांगितलं होतं ना बाई." पण ती बापाकडेच बघत होती. बाईंचं नाव घ्यायचं तिच्या मनातही आलं नसावं. बाईंची नोकरी कंत्राटी, मार्चपर्यंतची. गप्प बसलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. पोर तेवढी डोंगरावर परत गेली असती आणि पुढच्या वर्षी उजवली गेली असती.

"येसाजीमामा, चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "नंबर इथं लिहायला मी सांगितलं. तिनं फक्त माझं ऐकलं."

येसाजी आत येऊन पडद्याकडे वाकला. त्याला अक्षर वाचता येत नव्हतं, पण लेकीचा फोटो दिसत होता.

"म्हंजे पोर खोटं नाय बोलली."

"नाही."

"मग पुसा ते."

बाईंनी पुसलं. फोटो गेला, नाव गेलं, पान कोरं झालं. गौतमीने पदराएवढ्या ओढणीने डोळे टिपले.

"आता कुनी वाचनार नाय?" येसाजीने विचारलं.

"नाही."

"आन ज्यांनी वाचलंय, त्यांचं काय?"

बाई पुढच्या मुलीचं पान उघडू लागल्या. येसाजीनेही ते लावून धरलं नाही. टोपी डोक्यावर चढवत तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे तो दाखला. शीक गो बाय."

तेवढ्यात शिपाई महिपत दारात आला. चांगला हसतमुख माणूस, घाईतही दोन शब्द जास्त बोलणारा.

"येसाजी, अहो तुमचे भाऊ आलेत मुंबैवरनं, गौतमीला न्यायला. मी आपला नेमानं चाललो. म्हटलं, ओळख सांगा. तर पोरीची तुकडी, जन्मतारीख, तुमचं नाव, गाव, सगळं घडाघडा! सकाळी तुम्हांला तर तुकडीसुद्धा सांगता आली नव्हती."

गौतमी बापाच्या मागे सरकली.

"मला भाऊ नाय," येसाजी म्हणाला.

महिपतचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. त्याने व्हरांड्याकडे मान वळवली.

"पण मी तर त्यांना आत घेतलं."