नारिंगी शिडांचा पाहुणा

“हळू बोला, बुजेल ते,” हर्षाली म्हणाली आणि बांधावरची सगळी माणसं एकदम चूप झाली.

सुवर्णा चूपच होती. ती सगळ्यांच्या मागे, करंजाच्या झाडाला टेकून उभी होती. ऊन अजून यायचं होतं, तरी स्कार्फ डोळ्यांपर्यंत बांधलेला.

समोर तळ्यात, चांदवा नावाच्या काळ्या पाणपक्ष्यांच्या घोळक्यात, ते बदक तरंगत होतं. पाठीवर शिडांसारखी उभी नारिंगी पिसं, गालांवर मिशा, छाती जांभळी. रंगपंचमी होऊन गेली तरी याचा रंग काही उतरला नव्हता.

“मँडरिन बदक,” सावळीरामकाका कुजबुजले. “पार चीनकडचं. आपल्या जिल्ह्यात कोणी पाहिल्याचं मला तरी ठाऊक नाय. आणि या हर्षालीला मिळालं! नशीब लागतं सुवर्णाताई, नशीब.”

सुवर्णाने मान डोलावली. नशिबाबद्दल तिला बरंच बोलता आलं असतं.

होळीनंतरच्या रविवारची ही पक्षीफेरी वर्षानुवर्षं तीच काढायची. सिन्नर रस्त्याच्या आतलं हे तळं तिनेच लोकांना दाखवलं होतं. पुस्तकं मागून आणून, स्वयंपाक उरकून, चुका करत करत ती शिकली होती. हर्षालीलाही तिनेच शिकवलं. चतुर बसतो तो पंख पसरून, त्याची सडपातळ बहीण टाचणी बसते ती पंख मिटून, हे पहिलं वाक्य. तेव्हा ही पोरगी दुर्बीण उलटी धरायची.

मग पोरीने मोठा कॅमेरा घेतला. संक्रांतीनंतर ग्रुपवर मेसेज आला, की यंदाची फेरी हर्षाली मॅडम काढतील. ‘मॅडम’ हा शब्द सुवर्णाने दोनदा वाचला. तिला आजवर कुणी मॅडम म्हटलं नव्हतं, ती ताईच राहिली होती. तिने मेसेजखाली जोडलेले हात टाकले आणि फोन पिठाच्या डब्यावर पालथा ठेवला.

त्यानंतर गुडघ्याचं कारण सांगून ती तळ्यावर यायची थांबली. कुणी फारशी चौकशी केली नाही. एकटी हर्षाली घरी आली होती, गुडघ्याला लावायचं तेल घेऊन. सुवर्णाने दार अर्धंच उघडलं.

“आत पसारा आहे गं,” ती म्हणाली होती.

आता पुण्याहून एक सर आले होते. त्यांनी ‘हो’ म्हटलं की नोंद पक्की. ते चिखलात तिपाई रोवून मोठी दुर्बीण लावत होते.

“सर आता पाय बघतील,” काका शेजारच्या नव्या बाईंना समजावत होते. “पाळलेल्या पाखराच्या पायात कडं असतं. कडं दिसलं की खेळ खलास. पिंजऱ्यातलं पाखरू मोजत नाहीत. आणि ते दाखवणाऱ्यालाही पुन्हा कोणी मोजत नाहीत. मी एकदा काठावरच्या पांढऱ्या पिशवीला बगळा म्हटलं, तर अजून पोरं मला पिशवीकाका म्हणतात. हिने तर पार पुण्याहून माणूस बोलावलाय!”

बाई तोंडाला पदर लावून हसल्या.

डाव्या पायात निळं कडं होतं. सुवर्णाला ते ठाऊक होतं, बाकी कुणालाच नाही. त्या कोपऱ्यात पाणी खोल होतं, पण ऊन आलं की बदकं काठावर येणारच. तिला फक्त थांबायचं होतं.

थांबता थांबता तिची नजर लव्हाळ्याच्या काडीवर गेली. एक चतुर कात टाकून नुकताच बाहेर आला होता. फिकट, ओला, पंख चुरगाळलेल्या कागदासारखे.

“ताई, पंख वाळवतोय ना?” हर्षाली केव्हा शेजारी येऊन उकिडवी बसली, कळलंच नाही. “सगळे बदकाला चिकटलेत. मला वाटलंच, तुम्ही काहीतरी वेगळं बघत असणार.”

सुवर्णाने मान हलवली.

“घसा बसलाय का?”

तिने पुन्हा मान हलवली. हर्षालीने स्वतःच्या पर्समधली खडीसाखर काढून तिच्या हातावर ठेवली. ती तिने मुठीत धरली, तोंडात टाकली नाही.

करंजाच्या कोवळ्या पालवीवर ऊन आलं. वेडे राघू तारेवरून माशा टिपायला लागले. चांदवे काठाकडे सरकले, त्यांच्या मागे ते बदकही.

“नोंद करू या,” सर म्हणाले. “पहिल्यांदा कुणी पाहिलं? नाव सांगा.”

“हर्षाली मॅडम!” सगळे एका दमात म्हणाले.

“नाही सर,” हर्षाली उभी राहिली. “सुवर्णाताईंचं लिहा. परवा पहाटे मी येत होते, तेव्हा ताईंची स्कूटी बांधावरून खाली उतरताना दिसली. मी पोचले तर हे बदक समोर. ताईंनी आधीच पाहिलं होतं. पण कुणाला बोलल्या नाहीत. यंदाची फेरी माझी, म्हणून मोठेपणा मला मिळावा, एवढंच त्यांच्या मनात.” तिने सुवर्णाकडे हात केला. “मला सगळं यांनीच शिकवलंय, सर.”

माणसं वळली. कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. काकांनी डोळे पुसले. सरांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि भिंग हळूहळू फिरवायला लागले.

सुवर्णाने तोंडावरचा स्कार्फ ओढून काढला.

“अगं नाही! माझं नाव नको! हर्षाली, पोरी, ऐक माझं...”

तळ्याच्या त्या टोकापर्यंत गेला तो आवाज. चांदवे पाणी उडवत दूर पळाले. बदक मात्र वळलं. पाणी कापत सरळ काठाला आलं, चिखलातून डुलत बांधावर चढलं, सरांच्या तिपाईखालून, माणसांच्या पायांमधून वाट काढत करंजाखाली पोचलं आणि सुवर्णाच्या चपलेवर डावा पाय ठेवून, चोच वर करून उभं राहिलं; रोज सकाळी तिच्या मागच्या अंगणात दाण्यासाठी उभं राहायचं, तसं.