गिधाडाचा पट्टा

"आज सांगून टाकतो पोरीला," फर्मिन म्हणाला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला अजिंक्यपदाचा पट्टा त्यानं फुलांच्या जुड्यांखाली सरकवला.

एल्विरा गाडीला टेकून उभी होती. दर रविवारी फर्मिन आतलिस्कोहून फुलं घेऊन पुएब्लाला जातो, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. फुलं उतरवून झाली की तो काळा मुखवटा चढवतो आणि 'गिधाड' म्हणून आखाड्यात उतरतो, हे एकट्या एल्विराला माहीत होतं. मुखवट्यामागचा चेहरा पोटच्या पोरालाही दाखवायचा नाही, अशी या पेशाची रीत.

"सहा वर्षं पट्टा कमरेला आहे, तेव्हा नाही सांगितलंस."

"काय सांगणार? दर रविवारी ज्याच्या नावानं बोटं मोडतेस तो तुझा बाप आहे, असं?"

त्यांची लेक नायेली दहा वर्षांची. तिला कुस्त्यांचं भारी वेड, आणि साऱ्या पुएब्लात गिधाडाला तिच्याइतक्या शिव्या कोणी देत नसे.

"आज पट्ट्याची कुस्ती आहे," फर्मिन म्हणाला. "तीत लबाडी चालत नाही. डोळ्यात बोट नाही, मुखवटा ओढणं नाही. गिधाडाला सरळ कुस्तीही येते, हे एकदा बघू दे पोरीला. मग सांगतो. जिंकलो तरी, हरलो तरी."

"आणि तिनं तोंड फिरवलं तर?"

फर्मिननं गाडी सुरू केली. एल्विरा त्याच्या डाव्या बाजूला होती आणि त्या बाजूचा कान चार वर्षांपूर्वीच कुस्तीत गेला होता. नायेलीला सांगितलं होतं, फुलांची पेटी पडली. त्याला ऐकू गेलं नाही की ऐकायचंच नव्हतं, हे एल्विराला कळलं नाही.

दुपारच्या बसनं मायलेकी पुएब्लाला पोचल्या. नायेलीनं आईला ओढत नेहमीच्या जागी नेलं. लाल कोपरा, तिसरी रांग, उजवीकडे.

"अगं, दर वेळी इथं खांब आड येतो. तिकडे सगळं रिकामं आहे."

"इथंच बसायचं."

शेंगदाणेवाले इसिद्रोकाका तिखट-लिंबू लावलेली पुडी घेऊन आले. "आली का माझी वाघीण! घसा साफ आहे ना?"

"मधाचं पाणी पिऊन आलेय, काका."

"शाब्बास!" काका एल्विराकडे वळले. "ताई, दुष्ट पहिलवानाची शिव्या हीच भाकरी. लोक टाळ्या वाजवायला लागले की समजा त्याचे दिवस भरले. आखाड्याचा मालक म्हणतो, पुढच्या रविवारपासून घरी बस." हे ते दर रविवारी सांगत, आणि दर रविवारी नवं असल्यासारखे हसत.

गिधाडासमोर होता पहाटतारा. चंदेरी मुखवटा, चोवीस वर्षांचा, पोरींचा लाडका. पंचांनी पट्टा चारी बाजूंना उंच करून दाखवला. गिधाडानं वाकून पोराशी हात मिळवला. लोक बुचकळ्यात पडले.

पहिली फेरी गिधाडानं घेतली, दुसरी पहाटताऱ्यानं. दोन्ही सरळ. तिसरीत गिधाड असं काही लढलं, की मागच्या रांगांतल्या शिव्या हळूहळू विरल्या. पकड सुटली की ते मागे सरे, पोराला उठू देई. एल्विराच्या ताटातलं सगळं फस्त करून वर ढेकर देणारा माणूस हाच का, असं तिला क्षणभर वाटलं.

शेवटी पहाटताऱ्यानं त्याची कंबर मागे वाकवली आणि तशीच धरून ठेवली. गिधाडानं बराच वेळ सोसलं. मग मान हलवली. हार मान्य.

त्यानं पंचांच्या हातून पट्टा घेतला आणि आपल्या हातानं त्या पोराच्या कमरेला बांधला.

सगळा आखाडा उठून उभा राहिला. सहा वर्षं ज्याच्या आईबापांचा उद्धार केला, त्याच्यासाठी बायका डोळे पुसत होत्या, पुरुष टाळ्या वाजवत होते. एल्विरानंही आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यासाठी उघड टाळ्या वाजवल्या.

"चोर! ढोंगी! सडकं गिधाड!" शेजारी नायेली खुर्चीवर चढून किंचाळत होती. चेहरा लालबुंद, गालांवर पाणी. "नका ना वाजवू टाळ्या! कोणी वाजवू नका त्याला!"

आखाड्याच्या दोरांपाशी गिधाडाची मान उजवीकडे वळली. क्षणभरच. मग ते खाली उतरून निघून गेलं.

एल्विरानं टाळ्या थांबवल्या.

दिवेलागणीला फर्मिन घरी आला. एल्विरा चुलीपाशी मक्याच्या भाकऱ्या शेकत होती.

"सांगणार होतास ना?" तिनं हळूच विचारलं.

"एवढ्या टाळ्यांत तिचा एकटीचा आवाज तेवढा ऐकू आला मला." तो हात धूत राहिला. "फुलंवाला बाप आवडतो तिला. तोच राहू दे."

जेवणं झाली. नेहमीसारखा तो चटईवर पालथा पडला. फुलं उतरवून पाठ धरते म्हणून दर रविवारी नायेली त्याच्या पाठीवर चाले. दुखऱ्या खांद्याला वळसा घालून तिची इवली पावलं जपून पडत होती. आज तिनं कमरेलाही पाय लावला नाही.

"आज कमी दाबलंस गं," तो पुटपुटला.

ती उतरली. त्याच्या उजव्या बाजूला येऊन बसली. घसा पार बसला होता, म्हणून तोंड अगदी कानाशी न्यावं लागलं.

"बाबा, आज सगळेच टाळ्या वाजवत होते. मी एकटी किती ओरडणार?"