गिटारमधली खोट

नागसेनने सनीची जुनी बेस गिटार विकत घेतली. पण ते अजून घडलंच नाही असं धरून थोडं मागे जाऊया. चाकणच्या कंपनीत माल तपासणारा नागसेन दर रविवारी मारुंजीला सनीकडे जाऊन गिटारमध्ये खोट काढायचा: कधी मान वाकडी, कधी बटण खरखरतंय. सनी दुरुस्त करायचा, मग चाचणी म्हणून दोघं मनसोक्त वाजवायचे, सनी साध्या गिटारवर, नागसेन बेसवर. आज सनी वैतागला. "भावा, पोरगी बघायलाही कुणी इतक्यांदा येत नाही! उद्या खोली सोडून गावी चाललोय. घे, नाहीतर भंगारात देतो." नागसेनने एक डोळा मिटून मान पाहिली. सुतासारखी सरळ! नाइलाजाने पास केली. घरी एकट्याने वाजवली, तर नुसतंच धुम्म धुम्म. त्याने भिंतीला रीतसर कळवलं: सदर मालासोबतचा गिटारवाला मिळालेला नाही, तरी दर रविवारी पाठवून सहकार्य करावे, ही विनंती.