गाठोड्यावरची चिठ्ठी

प्रोग्राम पुन्हा कोसळला. या वेळी मात्र नेमका कुठे कोसळतो, ते तिला दिसलं.

मांडीवर बाळ झोपलं होतं. उजवा हात त्याच्या मानेखाली अडकलेला, म्हणून ती डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करत होती. दुपारची ही झोप म्हणजे तिचं ऑफिस.

तिच्या कंपनीचा प्रोग्राम झिप फाइली बांधायचा आणि सोडायचा. पुष्कळ फाइलींचं एक गाठोडं, आणि गाठोड्यावर चिठ्ठी: आत माल इतका इतका. प्रोग्राम बिचारा भाबडा. चिठ्ठी वाचायचा, तेवढीच जागा मोकळी करायचा आणि डोळे झाकून ओतत सुटायचा. चिठ्ठीवर वाटीभर लिहून आत कुणी घागरभर भरलं, तर उरलेलं शेजारच्या जागेत सांडायचं. आणि त्या शेजारच्या जागेत असायचे संगणकाने पुढे काय करायचं त्याचे हुकूम. ज्याला नेमकं सांडता आलं, त्याला ते हुकूम पुसून स्वतःचे लिहिता यायचे. मग घर तुमचं आणि सत्ता त्याची.

"ओतताना वाटीकडे बघावं की नाही रे माणसाने?" ती बाळाच्या कानाशी पुटपुटली. बाळाने झोपेतच ओठ चोखले.

साहेबांचा फोन आला. "सापडलं?"

"सापडलं. चिठ्ठी खरी की खोटी, आपण ताडूनच बघत नाही."

"दुरुस्ती संध्याकाळपर्यंत बाहेर काढू. पण ऐक, तुला नमुना म्हणून पाठवलंय ना, ते गाठोडं आपल्या कुणी बनवलेलं नाही. सकाळपासून रुग्णालयांच्या मेलमध्ये फिरतंय. वर नाव लिहिलंय, 'पुढच्या महिन्याच्या ड्युटीच्या पाळ्या'. कोण नाही उघडणार?"

तिने घाईने फोन ठेवला.

तिचा थोरला भाऊ एका रुग्णालयात संगणक सांभाळायचा. तिचं बाळ दिवस भरायच्या आत जन्मलं, तेही तिथेच. काचेच्या पेटीत इवलासा जीव, अंगाला तारा, आणि सगळ्या पेट्यांमधल्या बाळांचे ठोके सिस्टरांच्या टेबलावरच्या एका मोठ्या स्क्रीनवर. ती पेटीजवळून हलायची नाही. शेवटी म्हाताऱ्या सिस्टर रागावल्या होत्या, "अगं पोरी, जरा पाठ टेक. स्क्रीन बघतेय ना सगळ्यांकडे!"

ती स्क्रीन चालवणारा संगणक दादाच्या खोलीत होता.

तिने फोन लावला. "दादा, पाळ्यांची झिप फाइल आलीय का रे मेलवर?"

"आली की."

"उघडलीस?"

तो खो खो हसला. "मी? अगं शहाणे, मी तुझ्या हातचा चहासुद्धा वास घेतल्याशिवाय पीत नाही."

"किती संशयी असावं माणसाने!"

"तुझ्या चहाच्या बाबतीत त्याला संशय नाही म्हणत. अनुभव म्हणतात."

तिला हसू फुटलं. खांदे सैल पडले. खरंच की, दादा तो! घराला कुलूप लावून तीनदा ओढून बघायचा आणि कोपऱ्यावरून परत यायचा चौथ्यांदा ओढायला. लहानपणी तिने दिलेली गोळी आधी तिलाच चाटायला लावायचा. सगळं घर त्याला हसायचं. आज त्या स्वभावावरून जीव ओवाळून टाकावासा वाटला तिला.

"मग, टाकलीस ना पुसून?"

"पुसू कशाला? पहारेकऱ्याकडे दिली तपासायला. आपला नियम ठरलेला आहे. शंका आली की आपण हात लावायचा नाही, आधी त्याने बघायचं."

पहारेकरी म्हणजे विषाणू पकडणारा प्रोग्राम. नाव दादानेच ठेवलेलं. रुग्णालयातल्या प्रत्येक संगणकावर त्याचा अंमल. सगळ्या किल्ल्या त्याच्याच कमरेला.

तिचं बोट किबोर्डवर तसंच थांबलं.

"दादा, तपासायचं म्हणजे... तो गाठोडं सोडूनच बघतो ना?"

"मग काय बाहेरून हुंगतो?"

गाठोडं सोडणारा तो प्रोग्रामचा तुकडा तिच्या कंपनीने इतरांनाही विकला होता. कितीतरी प्रोग्रामांच्या पोटात त्यांचाच तो भाबडा तुकडा बसलेला होता. पहारेकऱ्याच्याही पोटात. तो करार झाला तेव्हा ऑफिसात टाळ्या वाजल्या होत्या. तिनेही वाजवल्या होत्या.

"काय म्हणाला तो?" स्वतःचा आवाज तिला परका वाटला.

"तीच तर गंमत. तुला माहितीय ना, पक्का माझ्यावर गेलाय. स्वयंपाकघराच्या वेळापत्रकावरसुद्धा कुरकुर करतो. आणि आज बघ, चकार शब्द नाही! ती फाइल हिरवी, प्रत्येक संगणक हिरवा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सुखाचा दिवस उगवलाय. वॉर्डातली बाळंसुद्धा शहाण्यासारखी वागतायत. समोरच दिसतंय मला. मघापासून एकाही ठोक्याचा आकडा हललेला नाही."

तिने बाळाच्या छातीवर तळवा ठेवला. ठोका जरा भराभर, मग जरा संथ, मग झोपेत कशाला तरी दचकून पुन्हा भराभर. क्षणभरही एकसारखा नाही.

"अगं, आहेस ना?"

"दादा, फोन टाक आणि वॉर्डात धाव. सिस्टरांना सांग, स्क्रीनकडे बघू नका. बाळांकडे बघा."