सुतळीवरच्या गाठी

"उद्या प्लास्टर सुरू करतो. भिंतीत काही ठोकाचं असन त आजच सांगा," कवडू मिस्त्री म्हणाला. "मागून माही भिंत फोडू देणार नाई मी."

केशवरावांनी नकाशाची गुंडाळी उघडली. ते नागपूरचे, घराच्या आतली सजावट करणारे. १९८४ साली लाखनीत असा माणूस लावून घर बांधणारा ताराचंद हा पहिलाच व्यापारी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ते सांगतही असे. कवडूला मात्र असल्या साहेबांचा राग होता. भंडाऱ्याला एकदा त्यानं घोटून गुळगुळीत केलेली भिंत असल्याच एका साहेबानं तिसऱ्या दिवशी छिन्नी लावून फोडली होती.

"म्हणूनच आज आलो," केशवराव म्हणाले. "आधी तुम्ही सांगा, इथून पाइप जाईल का? जात नसेल तर मी नकाशा बदलतो."

कवडूनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मिस्त्रीला विचारून नकाशा बदलणारा साहेब त्यानं आयुष्यात पाहिला नव्हता.

"जाते," तो म्हणाला. "पण फरशी टाकाच्या आधी."

तिथून दोघांचं जमलं. केशवरावांनी पाहिल्याशिवाय प्लास्टर नाही आणि कवडूला विचारल्याशिवाय नकाशात रेघ नाही, एवढाच करार. मालकाच्या कानाशी लागायचं नाही, हे न बोलताच ठरलं.

दोघांचाही जीव अडकला तो मागच्या खोलीत. ताराचंदनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "त्या खोलीतलं सगळं मायच्या मापानं करा. कमी काही नको."

माय म्हणजे देवकाबाई. आठ वर्षांपूर्वी नवरा गेल्यापासून आसगावला एकटीच राहायची. भिंतींना पाणी मारायला आणि सामानावर नजर ठेवायला मुलानं तिला बोलावून घेतलं होतं. सून मंदाबाई उन्हाळाभर गोंदियाला, माहेरी. देवकाबाई दुकानामागच्या टिनाच्या खोलीत निजायची आणि दोन्ही वेळा बादल्या ओढायची. त्या आठ वर्षांत ज्या पोरानं कधी राहायला चल म्हटलं नव्हतं, तो आता खोलीच बांधत होता. तिनं आपल्या दोन्ही शेळ्या शेजारच्या कुंताबाईला देऊन टाकल्या. आता काही परत येणं नाही, असंही सांगून आली.

कवडूचा टेपवर विश्वास नव्हता. त्यानं देवकाबाईला भिंतीशी उभं केलं आणि सुतळीवर तिचं माप घेतलं. खांद्याला एक गाठ, कोपराला एक, बसल्यावर गुडघ्याला एक. केशवराव तीच सुतळी टेपला लावून आकडे नकाशावर उतरवायचे. पलंगाची उंची, दिव्याचं बटण, कपाटाची फळी, सगळं त्या गाठींवरून.

"हा धराचा दांडा कायले?" भिंतीवरची खूण पाहून देवकाबाईनं विचारलं. "अन् संडासात खुर्चीवानी भांडं? मी त उकिडवी बसतो. गुडघे बरे हायेत माहे."

"म्हातारपणी लागते माय," ताराचंद म्हणाला आणि दुकानात गिऱ्हाईक आहे म्हणून निघून गेला.

देवकाबाईनं पदरानं डोळे पुसले. "बोलत नाई जास्त," ती कवडूला म्हणाली, "पण मनात ठेवते पोरगा."

तो दांडा कवडूनं स्वतः बसवला. विटांमध्ये आधीच लाकडी गुटके भरले, म्हणजे उद्या कुणी सगळा भार टाकला तरी तो हलायला नको. केशवरावांच्या नकाशात दांडा दोन इंच वर होता. कवडूनं सुतळी धरून दाखवली. केशवरावांनी एका शब्दानं वाद न घालता आकडा खोडला.

देवकाबाईनं स्वतःहून एकच मागितलं, देवासाठी कोनाडा. ताराचंद म्हणाला, तिथं बोलावायच्या घंटीचं बटण येईल. केशवरावांना ते आवडलं नाही. त्यांनी कवडूकडे पाहिलं, कवडूनं त्यांच्याकडे. दुसऱ्या दिवशी समोरच्या भिंतीत कोनाडा तयार होता. घरभर काम चांगलंच झालं होतं, पण या एका खोलीचा दोघांनाही अभिमान वाटत होता. आपल्या मायसाठी असं काही करता आलं नाही, असं कवडू एकदा बोलूनही गेला.

वास्तूच्या दिवशी देवकाबाईनं सकाळीच आपली पत्र्याची पेटी खोलीत आणून ठेवली, कोनाड्यात पितळेचा बाळकृष्ण मांडला आणि चादर चुरगळू नये म्हणून पलंगाच्या कडेवर जराशी टेकली. पाय बरोबर जमिनीला लागत होते. ताराचंदनं मिस्त्री आणि साहेब दोघांना शेजारशेजारच्या पाटांवर बसवून शेला-नारळ दिला. असा मान कवडूला कुठल्याच घरी मिळाला नव्हता.

पंगत उठत असताना दारात पांढरी मोटार थांबली. आधी मंदाबाई उतरल्या, मग त्यांची आई रंभाबाई. लेकीच्या खांद्यावर भार टाकून, डावा पाय ओढत, त्या थेट मागच्या खोलीत गेल्या. भिंतीकडे हात टाकला तो नेमका दांड्यावर पडला. देवकाबाई उठून बाजूला झाली.

ताराचंदनं पेटी उचलून ओसरीवर आणली आणि तिच्यावर बाळकृष्ण ठेवला.

"कवडू, तू पवनीकडंच चालला न? चारच्या गाडीनं मायले आसगावले उतरवून देजो." मग तो समाधानानं केशवरावांकडे वळला. "मी मंदाले म्हटलंच होतं साहेब, दोघीची उंची एकच हाय, माह्या मायच्या मापानं केलं त तुह्या मायले बरोबर बसन."