गेलेकचे दोन कान

गेलेकचे दोन्ही कान डोल्मा खिंडीत गेले. पण ते आपण ऐकलंच नाही असं धरू. सकाळी पायथ्याच्या दार्चेनहून निघताना दोन्ही जागच्या जागी होते आणि डाव्यात फिरोजा लटकत होता.

"मान मोडेल रे," यांगझोम आत्या म्हणाली. "किती वेळा मागे बघशील?"

"लुंगतोक दिसतो का, तेवढंच."

"तो मागून येणार नाही. लिहून देते."

आत्याचं सासर नदीपलीकडचं, लुंगतोकच्याच गावचं. तिला माहीत असणार, असं म्हणून गेलेक चार पावलं निर्धास्त चालला. मग पुन्हा वळून पाहिलं.

उन्हाळी जत्रेत गेलेकनं लुंगतोकच्या घोड्याला छांगची दारू गाळून उरलेले जव खाऊ घातले होते. चांगले घमेलंभर. शर्यतीत घोडा सगळ्यांच्या पुढे होता. निम्म्या वाटेत त्याच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, तो वळला आणि जिथून निघाला तिथे पहिला आला. अख्खी जत्रा हसली. लुंगतोकनं सुरा उपसला. ज्यानं हे केलं त्याचे कान घोड्याच्या गळ्यात बांधीन, अशी शपथ घेऊन त्यानं जत्रेतल्या धुनीला फेरी घातली. तीही उलटी.

"घोड्याला वळण धन्याचंच आहे!" गेलेक ओरडला. कुणी केलं ते तिथेच सगळ्यांना कळलं.

कांग रिनपोचेला, म्हणजे तुमच्या कैलासाला, एक फेरी घातली की जन्माचं पाप धुतलं जातं. पापच उरलं नाही तर शपथ कशावर उभी राहणार? हा सल्ला आत्याचा. इथे यायच्या परवान्यासाठी गेलेक इतक्या कचेऱ्या फिरला की मंत्रांपेक्षा अर्जाची भाषा त्याला जास्त पाठ झाली. आणि काल दार्चेनच्या खानावळीत त्याला केसांत गुंडाळलेला तो लाल रेशमी गोंडा दिसला. एवढा जाड गोंडा आमच्या अख्ख्या खाम प्रांतात फक्त लुंगतोकचा.

चढाला समोरून दोन बोनपो बायका आल्या. बोनपोंचा धर्म आमच्या बौद्ध धर्माहून जुना. आम्ही डोंगर उजव्या हाताला ठेवून फिरतो, ते डाव्या. आत्या त्यांच्याशी बोलत उभी राहिली. चहा कुठे मिळेल, वर वारा किती, गुडघे कसे आहेत.

"चल ना आत्या! या उलट्या लोकांशी काय एवढं?"

"उलटं कोण, ते डोंगराला विचार," आत्या म्हणाली आणि गुडघ्यांकडे परत वळली.

गेलेकनं मागे पाहिलं. खाली, दगडांच्या मधे, लाल गोंडा.

"आला!"

"कोण?"

"मागून येणार नाही म्हणालीस ना!"

"अजूनही म्हणते."

गेलेक पळत सुटला. त्या उंचीवर पळणं म्हणजे चालणंच, फक्त तोंड उघडं ठेवून. तो थांबला की गोंडा थांबे. तो निघाला की गोंडा निघे. एका बाजूला कडा, दुसरीकडे बर्फ. मागे फिरायचं तर फेरी मोडते आणि धुतलेलं पाप परत अंगाला चिकटतं. सुऱ्याला मग पूर्ण मोकळीक.

खिंडीत पताका फडफडत होत्या. गेलेक मोठ्या शिळेमागे दडला आणि दोन्ही कान तळव्यांनी झाकून बसला. आत्या सावकाश वर आली, शिळेला लोणी लावलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

गोंडा वर आला. गोंड्याखाली शांघायची एक पर्यटक बाई होती, ओठ निळे पडलेले, गळ्यात कॅमेरा.

"हा गोंडा," गेलेक शिळेमागून ओरडला, "कुठे मिळाला?"

"काल एका भल्या माणसानं बांधून दिला," बाई मोडक्या तिबेटीत म्हणाली. "म्हणाला, आमची संस्कृती अनुभवायची तर नीट अनुभवा. पैसेसुद्धा घेतले नाहीत. फक्त म्हणाला, त्या फिरोजावाल्याच्या मागे मागे चाला, वाट चुकणार नाही."

गेलेक हसू लागला. हसता हसता खोकला. म्हणजे मागे कुणीच नव्हतं! कानांवरचे हात त्यानं खाली घेतले.

"आणि तो स्वतः कुठे गेला?"

बाईनं बोट दाखवलं. पुढे.

खिंडीच्या पलीकडून, सगळ्या यात्रेकरूंच्या विरुद्ध, डोंगर डाव्या हाताला ठेवून, मोकळ्या केसांचा एक माणूस शांतपणे चढून येत होता.

"मी म्हटलं नव्हतं?" आत्या वाटेतून बाजूला झाली. "मागून नाही येणार."

गेलेकनं डोंगराकडे तोंड करून हात जोडले.

"माननीय कांग रिनपोचे यांस सविनय विनंती की, सदर यात्रेकरूस खाजगी अडचणीमुळे उर्वरित परिक्रमा उलट दिशेनं, केवळ एक वेळची बाब म्हणून, पूर्ण करण्याची परवानगी तात्काळ मिळावी. सोबत: कान दोन, मूळ प्रती, तूर्त जोडलेल्या."