कमी पावडर

पावसाळ्यात भामरागडकडच्या त्या गावात नळाला नदीचं पाणी यायचं, जंगलातला पालापाचोळा कुजून चहासारखं झालेलं. अशा पाण्यात ब्लिचिंग पावडर पडली की घातक रसायनं तयार होतात, वर्षानुवर्षं पिऊन कॅन्सर होऊ शकतो, पोटातल्या बाळालाही बाधू शकतं, असं रिनानं मोबाईलवर वाचलं आणि तिला धडकी भरली. तिला तिसऱ्यांदा दिवस गेले होते, आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. आणि गावच्या टाकीत पावडर टाकणारा तिचाच नवरा होता, निकेश.

"थोडी कमी टाका ना जी," ती रडकुंडीला आली. "हेबी गेलं तर मी जगणार नाई."

"अन् गावाले काई झालं तर?" निकेश म्हणाला. पण तिच्याकडे पाहून त्याचा हात आखडलाच. पाण्याचा वास गेला, रिना पोटभर पाणी पिऊ लागली.

आठवडाभरात गावात हगवण लागली. पुरानं रस्ता बंद, शेजारच्या शकुबाईची नात उपकेंद्रात सलाईनवर. निकेशनं घाईघाईनं टाकीत पुरती पावडर ओतली. आता खरं सांगितलं तर गाव त्याला सोडणार नव्हतं, आणि न सांगता रिनाला घरात बसवत नव्हतं. शेवटी ती सांगायला उठली, तर शकुबाईच दारात उभी. रडून डोळे सुजलेले, हातात झाकलेली पितळी गुंडी.



"नळाचं पिऊ नको माय, तू दोन जिवाची हायेस. नातीसाठी पाणी उकळलं, त्यातलं तुह्यासाठीबी आणलं."